चार टायरांची पत्रिका

आंबे घेताना आपण पेटीतला एकेक आंबा देठाशी हुंगून पाहतो. पैठणी घेताना पदर उलटा करून विणकाम तपासतो. मुलीसाठी स्थळ पाहताना तर आपली चौकशी मुलाच्या आजोळापर्यंत जाऊन पोहोचते. पण असा हा चोखंदळ मराठी गृहस्थ मोटारीचे टायर घ्यायला निघाला, की दुकानाच्या पायरीवरूनच सांगतो, "दोन टायर टाका हो, बरेसे बघून!" आणि समोरच्या हॉटेलात चहा प्यायला जातो. काळा, वाटोळा आणि रबराचा, एवढी तीन लक्षणे जुळली की त्याच्या लेखी टायर जुळला.

वाचकहो, जरा एक साधा हिशेब करून पाहू. घरची चार माणसे, डिक्कीतल्या बॅगा आणि मांडीवरचे फराळाचे डबे धरून एका लहान मोटारीचे वजन १४०० किलोच्या घरात जाते. म्हणजे एकेका चाकावर ३५० किलो. टायरमध्ये हवा ३२ पौंड. याचा अर्थ दर चौरस इंचावर ३२ पौंडांचा दाब. किलोचे पौंड करून भागाकार केला की उत्तर येते २४ चौरस इंच. सहा इंच लांब आणि चार इंच रुंद असा तुकडा, म्हणजे आपल्या टपालखात्याच्या पोस्टकार्डाहून किंचित मोठा! सगळे कुटुंब ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावत असते ते असल्या चार पोस्टकार्डांवर. ब्रेक दाबा, चाक वळवा, नाहीतर देवाचे नाव घ्या. रस्त्यापर्यंत निरोप पोहोचवायला त्या चार कार्डांखेरीज दुसरे टपाल नाही.

एरवी या हिशेबाच्या वाटेला आम्ही कशाला गेलो असतो? पण निमित्त झाले नागपूरच्या मामांचे. मामा म्हणजे आमच्या आईचे थोरले बंधू. त्यांचे सहस्रचंद्रदर्शन श्रावणात करायचे ठरले. आईचीही पंचाहत्तरी उलटलेली. पण "दादाला ओवाळायला मी जाणार" म्हणून तिने महिनाभर आधीच बॅग भरून ठेवली. रेल्वेची तिकिटे काढायला गेलो तर प्रतीक्षा यादीत आमचा नंबर एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या वयाएवढा. विमानाला आईचा ठाम नकार. शेवटी तीच म्हणाली, "अरे, तो समृद्धीचा रस्ता झालाय ना आता पुरा? मग गाडीनंच जाऊ या की!"

आईचे वर्तमानपत्र रोजच्या रोज पुरे वाचून होते, त्यामुळे तिची माहिती अचूक होती. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला मोठा तुकडा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. सगळा रस्ता ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून जाणारा. सपाटीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा. पण याच रस्त्याने टायर या वस्तूला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आणून बसवले, हेही खरे. इतक्या लांबवर, इतक्या वेगाने, न थांबता पळायची आपल्या टायरांना सवय नव्हती. टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन खात्याच्या लोकांनी रस्त्याच्या तोंडाशीच उभे राहून टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरांच्या गाड्या आल्या पावली परत पाठवल्या.

सौ.ने ही बातमी कापून ठेवलेली होती. ती तिने काही न बोलता चहाच्या कपाखाली ठेवली. मी बूट घातले.

गाडी आम्ही याच वर्षी एका गृहस्थाकडून घेतली होती. इंजिन ठणठणीत, कागदपत्रे चोख. टायरांच्या बाबतीत मात्र पूर्वीचे मालक सर्वधर्मसमभावाचे पुरस्कर्ते असावेत. पुढचे दोन एका कंपनीचे, मागचा डावा दुसरीचा, मागचा उजवा तिसरीचा आणि डिक्कीतला पाचवा पुन्हा निराळाच.

ठाण्यातले आमचे टायरवाले मूळचे साताऱ्याकडचे. बोलणे मोजके आणि हातात कायम खडू. मी, सौ., कन्या आणि 'जरा पाय मोकळे होतील' म्हणून आलेली आई, असे चौघे दुकानात शिरलो. त्यांनी आईला प्लास्टिकची खुर्ची दिली आणि मला म्हणाले, "साहेब, आधी पत्रिका बघू."

टायरच्या कुशीवर अक्षरे-आकडे कोरलेले असतात ते आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. वाचले मात्र कुणी नसतात. आमच्या टायरवर होते, '१८५/६५ आर १५ ८८ एच'. टायरवाल्यांनी प्रत्येक आकड्याखाली खडूने रेघ ओढली आणि अर्थ सांगितला. १८५ ही टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा ६५ एवढी कुशीची उंची. आमच्या टायरची सुमारे १२० मिलीमीटर. 'आर' म्हणजे रेडियल, आतले धागे आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेलेले. १५ म्हणजे आतल्या लोखंडी चाकाचा व्यास, इंचांत. म्हणजे एकाच ओळीत मिलीमीटर, शेकडेवारी आणि इंच अशी तिन्ही मापे सुखाने नांदतात! पुढचा ८८ हा वजनाचा सांकेतिक आकडा. त्याचा अर्थ हा एक टायर ५६० किलोपर्यंत भार सोसतो. ८४ असता तर ५०० किलो. शेवटचे अक्षर वेगाचे. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, टी म्हणजे १९०, एस म्हणजे १८०.

"आपण कुठे दोनशेने जाणार आहोत?" आई म्हणाली.

"आजी, दोनशेने जायचं नसतंच," टायरवाले म्हणाले. "पण तेवढी उष्णता सोसायची त्याची ताकद असते. भार आणि वेग, हे दोन आकडे गाडीच्या कंपनीनं दिलेत त्यापेक्षा वर गेले तर चालतात, खाली येऊन चालत नाहीत. सोयरीक करताना तसंच असतं की!"

मग त्यांनी कुशीवरचा एक लांबट चौकोन दाखवला. त्यात चार आकडे. ही टायरची जन्मतारीख. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. डिक्कीतल्या पाचव्या टायरवर होते '३११७'. म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा.

"जुलै संपता संपता, ऑगस्ट लागताना," कन्येने हिशेब केला.

"म्हणजे श्रावणातलाच की!" आई कौतुकाने म्हणाली. तिला तो टायर एकदम आपल्यातला वाटू लागला. दिसतही होता छान. जमिनीला कधी टेकलेला नाही, अंगावरचे रबराचे बारीक केस तसेच्या तसे. पण टायरवाल्यांनी त्याची कूस दोन्ही अंगठ्यांनी दाबून वाकवली, तशा तिच्यावर जुन्या चपलेच्या पट्ट्यावर पडतात तशा बारीक चिरा उमटल्या. रबर नुसते बसून राहिले तरी म्हातारे होते. हवेतला प्राणवायू आणि ऊन आपले काम करीतच असतात. पाच-सहा वर्षांनंतर दरसाल तपासावे आणि दहा वर्षे झाली की कितीही गोजिरवाणा दिसला तरी निरोप द्यावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. नवा टायर विकत घेतानासुद्धा तारीख वाचून घ्यावी, ती याचसाठी. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर 'नवाच आहे' म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो. सोबत आयएसआयचे चिन्हही पाहावे. आपल्याकडे मोटारींच्या टायरना ते सक्तीचे आहे.

पुढच्या दोन टायरांचा निकाल आणखी सोपा होता. टायरच्या खाचांच्या तळाशी जागोजाग रबराचे छोटे उंचवटे असतात. नव्या टायरची खाच सात-आठ मिलीमीटर खोल असते. ती झिजत झिजत उंचवट्याच्या पातळीला आली, की उरली १.६ मिलीमीटर. तिथे कायद्याची हद्द संपते. आमचे पुढचे दोन्ही टायर त्या उंबरठ्यावर उभे होते. मागचा उजवा २०१८ सालचा आणि चिरा पडू लागलेला. एकटा मागचा डावा २०२२ सालचा आणि धडधाकट.

आता प्रश्न असा, की नवे टायर दोन घ्यायचे, तीन की चार? नेमक्या याच वेळी आमचे मेहुणे मदतीला धावून आले. मेहुण्यांनी आपल्या मोठ्या गाडीला शोभिवंत चाके बसवली होती. तिचे मूळचे चार टायर जेमतेम दोन हजार किलोमीटर चाललेले. त्यांनी फोनवरून सांगितले, "भावोजी, नेऊन टाका! पैशांची गोष्ट काढू नका. पंधराचेच आहेत, बसतील."

टायर होते २०५/६५ आर १५. सासुरवाडीकडून आलेली वस्तू, तीही फुकट, आणि पंधराला पंधरा जुळते आहे. मध्यमवर्गीय माणसाची इथे सत्त्वपरीक्षा असते. कन्येने पेन्सिल घेतली. आमच्या टायरची पुरी उंची निघाली सुमारे ६२२ मिलीमीटर आणि मामासाहेबांच्या टायरची सुमारे ६४८. फरक शेकडा चार. वेगाचा काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक मोठे झाले हे त्याला कोण सांगणार? काट्यावर १२० दिसतील तेव्हा गाडी खरोखर १२५ ने पळत असेल. आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता गाडीच्या हिशेबात ६७३ चाच भरेल. शिवाय आमच्या चाकावरची पत्र्याची कमान लहान. वळताना, खड्ड्यात उतरताना रबर घासण्याची भीती वेगळीच.

"रुंद टायर हवा असेल तर उंची सांभाळून घ्यावा लागतो," टायरवाले म्हणाले. "१९५ रुंदीचा घेतला तर ६५ च्या जागी ६० ची कूस. म्हणजे उंची जवळपास तेवढीच राहते. अंगरखा सैल केला तर बाह्या आखूड कराव्या लागतात. पण तुमच्या गाडीला कंपनीनं जे माप दिलंय ते दाराच्या चौकटीवर छापलंय. तेच उत्तम."

मेहुण्यांना नकार कळवण्याचे नाजूक काम सौ.ने आपल्याकडे घेतले. ती फोनवर एवढेच म्हणाली, "दादा, माप जुळत नाही." स्थळ नाकारायचे हे वाक्य आपल्या समाजात सर्वमान्य आहे. पुढे कुणी काही विचारत नाही.

टायरवाल्यांनी आम्हाला चार घ्यायचा आग्रह मुळीच केला नाही. ते म्हणाले, "एका आसावर दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. डावा-उजवा निराळा असला की ओल्या रस्त्यात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. तुमचा डावा चांगला आहे, पण त्याच नक्षीचा जोडीदार आज बाजारात नाही. एकाला जोडी नाही आणि तिघं निकामी, म्हणून चार. दोन चांगले जोडीचे असते तर दोनच दिले असते, आणि ते मागे टाकले असते."

"मागे?" मी विचारले. "सुकाणू पुढच्या चाकांना, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना आणि नवे टायर मागे?"

"हे सगळेच विचारतात," ते हसले. "ओल्या रस्त्यात पुढची चाकं निसटली तर गाडी वळणात सरळ जाऊ बघते. तुम्हाला हातात कळतं, पाय उचलता, गाडी सावरते. मागची निसटली की गाडी लट्टूसारखी गरकन फिरते. तिथं आपल्यासारख्याचं काही चालत नाही. म्हणून जी जोडी जास्त खाचांची ती मागे."

चार नव्यांची किंमत एका बऱ्या पैठणीएवढी झाली. २०२२ सालचा तो एकटा डावा पाचवा म्हणून डिक्कीत गेला. मापाने तो जुळत होताच. अडीअडचणीला हळूहळू दुकान गाठण्यापुरता उपयोगी. नवीन टायरांबरोबर हवा भरायचे व्हॉल्व्हही नवे घातले. चाकांचे संतुलन झाले, रोख तपासून झाला. नायट्रोजन भरायचा का, असे दुकानातल्या पोऱ्याने विचारले तेव्हा कन्या म्हणाली, "साध्या हवेतच ७८ टक्के असतो तो. दर पंधरा दिवसांनी तपासली तर तीच हवा बरी." पोऱ्याने मुकाट्याने साधी नळी उचलली.

मग उतरवलेल्या टायरांचा प्रश्न आला. दुकानाच्या बाहेर एक इसम बराच वेळ घुटमळत होता. तो पुढे आला आणि तिन्ही झिजलेले टायर आणि तो श्रावणातला, अशा चौघांचे रोख पैसे देऊ लागला. "काय करता यांचं?" सौ.ने विचारले. तो हसून म्हणाला, "खाचा पाडून, काळं करून विकतो ताई. नव्यासारखे दिसतात."

जुन्या टायरला चांगल्या गती पुष्कळ आहेत. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर होड्यांच्या अंगाला टायर लटकतात आणि धक्के खातात. खेड्यात पोरे काठीने टायर पळवतात. झाडाला बांधून त्याचा झोपाळा होतो. पण गुळगुळीत टायरात पुन्हा खाचा कोरायच्या म्हणजे उरलेसुरले रबरही कापून काढायचे. तो टायर उद्या कुणाच्यातरी गाडीखाली जाणार. त्या गाडीतही कुणाची आई असेल, कुणाची पोरे असतील.

"नको ते पैसे," सौ. म्हणाली आणि टायरवाल्यांकडे वळली. "तुमच्याकडे करवत असेल ना? आमच्यासमोर चारही कापा." तो इसम कपाळाला हात लावून निघून गेला. टायरवाल्यांनी एकही शब्द न बोलता कुशी चिरल्या. त्या श्रावणातल्या टायरची पाळी आली तेव्हा आईने तोंड फिरवले.

आणि एका भल्या पहाटे आम्ही निघालो. भिवंडीजवळ आमण्याला महामार्गावर चढलो तेव्हा नुकते फटफटले होते. निघण्यापूर्वी, टायर गार असताना, हवा तपासून घेतली होती. हवा गार टायरचीच मोजायची असते आणि गाडी भरलेली असेल तर दाराच्या चौकटीवरचा भरल्या गाडीचा आकडा पाहायचा असतो. तो रिकाम्या गाडीच्या आकड्याहून मोठा असतो.

कसाऱ्याच्या डोंगराला पूर्वी नागमोडी वळणांनी चढावे लागे. आता सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. बाहेर धो धो पाऊस, आत कोरडा दिवा-उजेड आणि पलीकडे पुन्हा पाऊस. इगतपुरीचे डोंगर ढगांत बुडालेले, कड्यांवरून दुधाच्या धारा. अशा पावसात टायरच्या खाचा काय करतात ते कानांनाच कळते. रस्त्यावरचे पाणी त्या खाचांतून मागे आणि बाजूंना फेकले जाते, त्याचा एकसारखा सरसर आवाज येत असतो. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. टायर पाण्यावर चढतो आणि पोस्टकार्ड रस्त्यापासून सुटते. मग चाक फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, निरोप पोहोचतच नाही. यावर उपाय एकच, वेग आधीच कमी ठेवायचा. आम्ही ७० वर आलो. मागून दिवे चमकावीत लोक पुढे गेले.

पाऊस ओसरल्यावर सिन्नरच्या बाजूला चहासाठी खाली उतरलो. टपरीशेजारी एक गाडी उचलून आणून ठेवली होती. मागचा कोपरा चेपलेला. तिचे कुटुंब बाकावर बसून होते. ईश्वरकृपेने सगळे सुखरूप. लहानगी तर बिस्किटे खात होती. वडील सांगत होते, "वळणावर काही कळायच्या आत गाडीचं तोंड उलट्या दिशेला. कठड्याला घासून थांबली. आणि टायर तर गेल्याच महिन्यात घातलेत हो, हे बघा, पुढचे दोन्ही कोरे करकरीत!" मी मागच्या चाकांकडे पाहिले. खाचा कुठे होत्या, कुठे नव्हत्या. कन्या माझ्याकडे बघत होती. त्या क्षणी त्या माणसाला व्याख्यान देण्यात अर्थ नव्हता. सौ.ने डब्यातल्या नारळाच्या वड्या त्यांच्यापुढे केल्या आणि आईने त्या लहानगीच्या पाठीवरून हात फिरवला. गाडी उचलून आणणारा मेकॅनिकच शेवटी म्हणाला, "साहेब, आता नवे मागे टाका."

शिर्डी मागे पडली, वैजापूर गेले आणि आभाळ उघडले. छत्रपती संभाजीनगरच्या पुढे रस्ता असा सरळ होतो, की दृष्टी पोहोचते तिथपर्यंत पांढरे काँक्रीट. दोन्हीकडे कपाशी आणि सोयाबीन. दुचाकी नाही, बैलगाडी नाही, वळण नाही. डोळे मिटू लागतात. म्हणून दर दोन तासांनी थांबायचे, असा सौ.चा हुकूम होता. एका पंपावर थांबलो तेव्हा पहाटेची ३३ पौंड हवा ३७ वर गेलेली. पंपावरचा मुलगा तत्परतेने हवा काढायला धावला. त्याला थांबवले. टायर पळाला की तापतो, तापला की आतली हवा फुगते. कंपनीने हे गृहीत धरलेलेच असते. गरम टायरची हवा काढली तर गार झाल्यावर ती कमी भरेल. आणि कमी हवा हाच टायरचा खरा वैरी. कमी हवेचा टायर दर फेरीला जास्त दबतो, जास्त वाकतो, वाकून वाकून तापतो आणि तापून तापून आतले धागे सोडतो. वैशाखात विदर्भातला पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तर त्या तापाला वरूनही साथ मिळते. मग जो आवाज होतो त्याला लोक 'टायर अचानक फुटला' म्हणतात. तो बिचारा तासाभरापासून सांगत असतो.

जालना ओलांडून सिंदखेडराजाला मुद्दाम बाहेर पडलो. जिजाऊंचे जन्मस्थान इतक्या जवळून टाळून जायचे आईला पटणे शक्यच नव्हते. लखुजी जाधवांच्या वाड्यातल्या जुन्या भिंतींच्या सावलीत आम्ही डबे सोडले. वाटेत उसाची नव्हे, कडब्याची एक बैलगाडी दिसली, रबरी चाकांची. एकाच रस्त्यावरून निघालेली दोन युगे एकाच जातीच्या रबरावर! हवा भरलेला टायर १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी केला. त्याच्याही आधी, १८४५ साली, टॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने तशीच युक्ती नोंदवून ठेवली होती, पण काळ तयार नव्हता. आपल्याकडचा एक बडा टायरवाला तर १९४६ साली मद्रासेत मुलांचे फुगे करीत होता. आज भांडुप, नाशिकचे सातपूर, संभाजीनगरजवळचे वाळूज, नागपूरजवळची बुटीबोरी, या सगळ्या नावांशी टायरचे कारखाने जोडले गेले आहेत. म्हणजे आमची वाट जवळजवळ टायरांच्या माहेरांवरूनच जात होती.

मेहकर, कारंजा मागे पडले. लोणारचे सरोवर परतीच्या वाटेवर ठेवले. मागच्या आसनावर कन्या काहीतरी मांडत बसली होती. ती म्हणाली, "आजी, ठाण्यापासून नागपूरपर्यंत आपल्या प्रत्येक चाकाच्या साडेतीन लाखांच्या वर फेऱ्या होतात." लक्षप्रदक्षिणेचे व्रत केलेल्या आईने यावर काहीतरी म्हटले असते. पण उत्तर आले नाही म्हणून आरशात पाहिले, तर खिडकीला उशी लावून ती झोपली होती. वर्धा नदीचा पूल गेला तेव्हाही ती जागी झाली नाही.

नागपुरात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. मामा फाटकात उभे. एके काळी त्यांनी जुन्या नागपूर-मुंबई रस्त्याने गाडी हाकलेली. तेव्हा टायरात ट्यूब असे आणि डिक्कीत ठिगळे, पहारी आणि हातपंप. रेडियल टायरचे पेटंट फ्रान्समध्ये १९४६ सालीच नोंदले गेले होते, पण आपल्याकडे मोटारींखाली तो रुळायला पुढे कितीतरी वर्षे लागली. पुण्यवचने बाजूला ठेवून मामा आधी गाडीभोवती फिरले. वाकून एकेका टायरच्या कुशीवर त्यांनी तळहात टेकवला. जुन्या ड्रायव्हरांची ही रीत आहे. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल तर हाताला लगेच कळते.

चौथ्या चाकावरचा हात उचलून ते म्हणाले, "चारही सारखेच गरम आहेत."

मग ते आईकडे वळले. तिने गुडघे चोळत एक पाय खाली टाकला होता.

"फार त्रास झाला का गं प्रवासात?"

"छे!" आई म्हणाली. "मी तर झोपूनच आले."